नमस्काराची ओळ

माझा नमस्कार तेवढा पोचत होता. त्यापुढचं काही पोचत नव्हतं. गुरुवारी सकाळी ऑफिसात येऊन बसले, संगणक सुरू केला, आणि पडद्यावर मीच इंग्रजीतून लिहिलेली स्वागताची ओळ निळ्या ठळक अक्षरांत उमटली. तिच्याखाली पांढरं रिकामं पान. पुन्हा बटण दाबलं, पुन्हा नमस्कार, पुन्हा पांढरं. ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणाऱ्या एका कंपनीसाठी आम्ही जावा भाषेत वेबसाइट बांधत होतो. १९९९ साल संपत आलं होतं आणि बेंगळुरात ज्याला त्याला वेबसाइट हवी होती. गिऱ्हाईक आपल्या गावातून फोनची लाइन जोडून आमच्या सर्व्हरकडे विचारणा, म्हणजे रिक्वेस्ट, पाठवायचं. दारावरचं पहिलं पान माझं. बहुतेकांचं काम तिथंच भागायचं. ज्याचं काम आतल्या खात्याचं असेल, त्याची रिक्वेस्ट माझं पान आतल्या पानाकडे फॉरवर्ड करायचं आणि उत्तर ते आतलं पान द्यायचं. गेल्या आठवड्यापर्यंत आतलं पान तयारच नव्हतं. आता ते जोडलं, आणि आत जाणारे सगळे दारातच अडकायला लागले. त्यातून मौज अशी, की सर्व्हरच्या नोंदीत त्या प्रत्येकापुढे 'दोनशे' हा आकडा होता. म्हणजे सगळं ठीक आहे. गिऱ्हाईक तिकडे कपाळाला हात लावून बसलंय आणि आमचा सर्व्हर म्हणतोय, सगळं ठीक. असली माणसं मला माहीत होती, यंत्र पहिल्यांदाच बघत होते.

माझा स्वभाव असा, की काही बिघडलं की आधी दुसऱ्याकडे बोट जातं, आणि ते बोट दाखवताना मला फार हुशार झाल्यासारखं वाटतं. आतलं पान नंदूनं लिहिलेलं, तेव्हा बिघाड त्याच्यातच असणार हे मी चहाच्या आधीच ठरवून टाकलं. नंदू सुटीवर होता, म्हणजे वाद घालायलाही कुणी नाही. मी त्याच्या ओळी एकेक करून वाचायला लागले आणि मन मात्र पानावर राहीना. फॉरवर्ड हा शब्द वाचला की मला अप्पा आठवायचे. हे आजचंच नाही. सहा महिन्यांपूर्वी गिरीराजनं, म्हणजे आमच्या टीमच्या प्रमुखानं, फळ्यावर खडूनं दोन चौकोन काढून समजावलं होतं: एक पद्धत अशी, की आलेल्याला सांगायचं, बाबा इथं नाही, तू त्या पत्त्यावर जा, मग तो बिचारा नव्यानं निघतो आणि हातातलं सामान वाटेत सांडतं. दुसरी पद्धत, त्याला आपणच त्याच्या सामानासकट आत घेऊन जायचं. त्याला कळतही नाही की मधे हात बदलले. मी वहीत काही लिहिलं नाही, नुसती हसले. गिरीराजनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, आमच्या घरी हीच दुसरी पद्धत आहे.

आमचे अप्पा, मालोजीराव, के. आर. पुरमच्या कारखान्यातून निवृत्त झाले, पण त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांची खरी नोकरी जयनगरच्या रस्त्यांवर चालू आहे. आमचं घराणं शिवकाळाच्याही आधी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलं म्हणतात. खरं-खोटं देव जाणे, पण त्या वेळी इथं रस्ता दाखवायला कुणीतरी भेटलं असणार आणि त्याचं अजून देणं लागतोय, असं अप्पांचं गणित. पत्ता तोंडानं सांगायचा नाही, माणसाला पोचवून यायचं. आमच्या आजोबांचं हेच, त्यांच्या वडिलांचं हेच. जयनगर म्हणजे ब्लॉक, मेन नावाचे मोठे रस्ते आणि क्रॉस नावाचे आडवे रस्ते यांचं जाळं. चौथा ब्लॉक वेगळा आणि चौथा टी ब्लॉक वेगळा, आणि सव्विसावा मेन संपता संपता भलत्याच आकड्याला जाऊन मिळतो. इथं हातात चिठ्ठी घेऊन फिरणारा माणूस अप्पांना अर्ध्या फर्लांगावरून ओळखू येतो. "बन्नी," म्हणायचं, या, आणि चालू लागायचं. वाटेत तीन गोष्टी विचारून घ्यायच्या: कोण, कुठून आलात, कुणाकडे जायचंय. मग त्या घराच्या दाराशी नेऊन उभं करायचं, आणि दार उघडायच्या आत मागे वळायचं. आभार घ्यायला थांबायचं नाही. लहानपणी मला याची इतकी लाज वाटायची, की त्यांच्याबरोबर भाजी आणायला जायलाही नको व्हायचं. मैत्रिणींचे वडील स्कूटरवरून भुर्रकन जात, आणि माझे वडील कुणाचं तरी गाठोडं धरून उन्हातून चालत. पिशवीतली कोथिंबीर सुकून जायची. मी मागून पाय आपटत चालायची, आणि ते वळून म्हणायचे, स्वल्प दम धर गं, आलंच त्यांचं घर. आता मागं वळून बघताना वाटतं, मला सगळं शहर त्या पाय आपटण्यातूनच तर पाठ झालं.

आणि तेच अप्पा रविवारपासून व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसून होते. चपला घालत नव्हते. नंदूच्या ओळी वाचताना मला त्या चपलाच दिसत होत्या, दाराशी भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या. रविवारी सकाळी कॉफी पावडर आणायला म्हणून ते गेले आणि दुपार झाली तरी परतले नाहीत. एरवी मी काळजी केली नसती. पण गेल्या महिन्यात त्यांनी दूध गॅसवर ठेवलं आणि विसरले, पातेलं जळून काळं झालं. दोनदा मला आत्याच्या नावानं हाक मारली. तेव्हापासून माझ्या थोरल्या भावाच्या, अभिराजच्या, डोक्यात एकच भीती बसली होती. थोरल्या भावाला आमच्यात कानडी धर्तीवर अण्णा म्हणतात. हा अभिअण्णा बँकेत आहे आणि कुठल्याही गोष्टीचा शेवट आधी बघतो. तो स्कूटर घेऊन शोधायला निघाला, मी फाटकाकडे डोळे लावून बसले. आई गेल्यापासून घरात एवढी शांतता कधी ऐकली नव्हती. आणि मग अप्पा आले. बरोबर एक अनोळखी माणूस, खेड्यातला, खांद्यावर गाठोडं, घामानं भिजलेला. मी धावले. जिना उतरता उतरताच बोलायला लागले, कानडीतून, या, बसा, तुंबा, फार उपकार झाले तुमचे, आमच्या अप्पांना तुम्ही आणलंत, हल्ली त्यांना रस्ता सुधरत नाही हो, तुम्ही भेटलात म्हणून. डोळ्यांत पाणी होतं, हातानं अप्पांचा दंड धरलेला. तो माणूस दोन्ही हात हलवून म्हणत राहिला, "इल्ला अम्मा, इल्ला, नानल्ला." नाही हो, मी नाही. किती विनयी माणूस, असं मला वाटलं. आभार मानल्यावर आपल्याकडे सगळे असंच म्हणतात. मी त्याला कॉफी दिली, चकली दिली, पुन्हा पुन्हा हात जोडले. अप्पांना खुर्चीत बसवलं ते बसवलंच. माणूस निघाला तेव्हा अप्पा उठायला लागले, तर मी त्यांचा खांदा दाबून म्हटलं, तुम्ही बसा आता. "होगी बर्तीनि," जाऊन येतो, म्हणून तो एकटाच फाटकाबाहेर पडला. संध्याकाळी अभिअण्णानं जाहीर केलं, आजपासून अप्पांनी एकट्यानं बाहेर पडायचं नाही. मी काही बोलले नाही, कारण मलाही तेच हवं होतं. अप्पा फक्त "सरी" म्हणाले. बरं.

त्यांनी भांडायला हवं होतं. चार दिवस मी त्याची वाट बघत होते. आरडाओरडा केला असता, तर आपण बरोबर आहोत याची मला खात्री पटली असती. पण ते खुर्चीत बसून रस्त्याकडे बघायचे, आणि कुणी चिठ्ठीवाला माणूस फाटकासमोरून गेला की मान खाली घालायचे. बुधवारी संध्याकाळी मी बघितलं, एक बाई पत्ता विचारत होती, अप्पांनी बसल्या जागेवरून बोट दाखवलं. नुसतं बोट. तिला ते समजलंही नसेल. आमच्या घराण्यात त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी पत्ता बोटानं दाखवला, आणि तो मी दाखवायला लावला. रात्री मला जेवण गेलं नाही. माणूस असा बसला तर किती दिवस बसेल आणि मग उठेल का, हे मला कुणी सांगायला नको होतं. आत्याचे यजमान असेच बसले होते.

"काय करालीस गे?" गिरीराज मागे येऊन उभा होता. बेळगावकडचा माणूस, आवाज मोठा आणि चाल सावकाश. मी नंदूच्या पानातल्या चुकांची लांबलचक यादी त्याच्यापुढे म्हणून दाखवली. त्यानं खुर्ची ओढली, शेजारी बसला, आणि यादीला हात न लावता म्हणाला, "कुणाचं चुकलं ते मागनं बघू की. आधी काय झालं, मग काय झालं, तेवढं क्रमानं बघूया." मला हे फार बाळबोध वाटलं, पण तो प्रमुख होता. आम्ही रोजची 'दोनशे'वाली नोंद बंद केली आणि सर्व्हरची दुसरी, तक्रारींची नोंद उघडली. तिच्यात ते वाक्य होतं, शेकडो वेळा, मी ज्याच्याकडे आठवडाभर बघितलंही नव्हतं: उत्तर आधीच रवाना झालेलं आहे, आता फॉरवर्ड करता येणार नाही. मग गिरीराजनं बोलता बोलता तो क्रम उलगडला. मला सगळं ठाऊक होतं, पण ठाऊक असणं आणि दिसणं यांत केवढं अंतर असतं. कुठलंही उत्तर निघतं तेव्हा आधी त्याचं हेडर जातं, वरचा मथळा: काम झालं की नाही, उत्तर कसलं आहे. त्याच्यामागून मजकूर. मजकुराचं पहिलं अक्षर बाहेर पडलं, की मथळा गेला म्हणून समजायचं. तो परत बोलावता येत नाही, बदलता येत नाही, आणि रिक्वेस्टही मग दुसऱ्या कुणाच्या हातात देता येत नाही. माझ्या पानात, आलेला कोण, कशासाठी आलाय, याची चौकशी करायच्याही आधी एक ओळ होती: नमस्कार लिही आणि ताबडतोब पाठवून दे. ती मीच घातली होती, दोन महिन्यांपूर्वी. खेड्यातल्या फोनच्या लाइनी रडतखडत चालतात, बिचारं गिऱ्हाईक कोऱ्या पडद्याकडे बघत ताटकळतं. दारात आलेल्याला ताटकळत ठेवायचं नाही ही घरची शिकवण, म्हणून मी स्वागत पुढे धाडलं होतं. त्या स्वागताबरोबर 'सगळं ठीक' हा मथळाही निघून जायचा. मागाहून आत काहीही कोसळो.

माझे कान गरम झाले. गिरीराज पडद्याकडेच बघत होता, माझ्याकडे मुद्दाम बघत नव्हता. तसाच म्हणाला, "ओळ चांगल्या मनानं लिहिलीयस. जरा लवकर आलीय, एवढंच." या वाक्यासाठी मी त्याची जन्मभर ऋणी राहीन. दुसरा कुणी असता तर मला चारचौघांत उभं केलं असतं, आणि मी तर नंदूला केलंच होतं की. मी ती ओळ उचलली आणि खाली नेली: आधी चौकशी, आत पाठवायचं असेल तर नमस्कार न करता आत पाठव, इथंच काम असेल तर मग नमस्कार. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. बटण दाबलं. क्षणभर कोरा पडदा, आणि मग आतलं पान अख्खं, नंदूच्या टापटिपीनं मांडलेलं, वरपासून खालपर्यंत. गिरीराज "हां" म्हणाला आणि चहा सांगायला गेला. मी त्या पानाकडे बघत राहिले. मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या डोळ्यांपुढे आमचं फाटक आलं.

आमच्या फाटकाची कडी आधी वर उचलावी लागते आणि मग आपल्याकडे ओढावी लागते. रविवारी ती अप्पांनी उचलली. हे ठीकच, घर त्यांचंच. पण मग ते आत आले आणि मागे वळून त्या माणसाला म्हणाले, "बन्नी." पायरीशी थांबले, तिचा कोपरा तुटलाय म्हणून बोटानं दाखवला. आणि त्याच्या खांद्यावरचं गाठोडं घ्यायला हात पुढे केला. हे सगळं मी बघितलं होतं. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोरून क्रमानं गेलं होतं, आणि मी ते वाचलंच नाही, कारण तोवर माझे आभार जिना उतरून पुढे गेले होते. वाट चुकलेला माणूस दोन पावलं पुढे चालत नाही. पोचवायला आलेला माणूस अंगावर सगळं सामान घेऊन, घशाला कोरड पडून, बावरून चारी बाजूंना बघत येत नाही. त्याच्या एका चपलेचा पट्टा निळ्या वायरनं बांधलेला होता, तो किती चालला असेल त्या चपलेवर. आणि तो सांगत होता. नानल्ला, मी नाही. साध्या सरळ कानडीत, पुन्हा पुन्हा सांगत होता, मी नाही यांना आणलं. गिरीराज चहाचे ग्लास घेऊन आला तेव्हा मी पर्स उचलून उभी होते. मला आत्ताच घरी जायला हवं, एवढंच म्हणाले. त्यानं कारण विचारलं नाही. "जा की," म्हणाला, आणि माझाही चहा स्वतःकडे ओढून घेतला.

बसमध्ये मला एकच भीती होती, की मी पुन्हा काहीतरी बोलायला लागेन. माफी मागेन, रडेन, अप्पांच्या गळ्यात पडेन, आणि त्यात पुन्हा त्यांचं सांगणं राहून जाईल. म्हणून चौथ्या ब्लॉकच्या स्टॉपपासून घरापर्यंत मी ओठ आवळून चालले. ऊन कलतं होतं. अप्पा खुर्चीत होते. मला अवेळी बघून दचकले. मी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. समोर उभी राहिले आणि जे रविवारी पहिल्यांदा विचारायचं होतं ते विचारलं.

"अप्पा, रविवारी आले होते ते कोण?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "कल्लाप्पा. होसकोट्याच्या पलीकडचं गाव. लेकीकडे आले होते, ती बाळंत झालीय. नववा ब्लॉक. क्रॉसचा आकडा कुणीतरी चुकीचा सांगितला होता त्यांना. आम्ही दोघं सगळं पालथं घातलं. शेवटी मला कळलं आकडा कुठला असणार, पण त्यांचा जीव पाणी-पाणी करत होता. म्हटलं, घर जवळ आहे, स्वल्प बसू देत, मग नेऊन सोडू."

"तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"तू इतक्या मनापासून त्यांचे आभार मानत होतीस गं. डोळ्यांत पाणी तुझ्या. पाहुण्यादेखत तुला खोटं कसं पाडायचं?"

"मग नंतर? अण्णा एवढं बोलला तेव्हा?"

ते आपल्या तळव्यांकडे बघायला लागले. "तो घाबरला होता. तूही. दुधाचं पातेलं तर मीच जाळलं की. मग मलाच वाटायला लागलं, असेल. मीच चुकलो असेन, आणि त्यांनीच मला आणलं असेल." मग मान वर करून, अगदी वेगळ्या आवाजात, चार दिवस साठवलेला प्रश्न विचारल्यासारखं ते म्हणाले, "ते पोचले असतील का गं?"

मी भिंतीला टेकवलेल्या त्यांच्या चपला उचलल्या आणि पायांशी ठेवल्या. "बघून येऊ या. मला ते घर माहीत नाही. तुम्ही पुढं व्हा."

अप्पा पुढे चालत होते, मी मागे. सुरुवातीला पाय जरा अडखळले, चार दिवस बसून. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं हात केला, "एनु सार, काणले इल्ला?" दिसलाच नाहीत. अप्पांनी नुसता हात हलवला, पण पाठ सरळ झाली. नवव्या ब्लॉकात शिरल्यावर एका वळणाशी ते थांबले, आकाशाकडे बघतात तसं वर बघितलं. मी ओठ आवळलेलेच ठेवले. ते डावीकडे वळले. दोन घरं सोडून एक लहानसं हिरव्या दाराचं घर होतं, दोरीवर बाळाची दुपटी वाळत होती. दाराबाहेर चपलांचे जोड होते, आणि त्यांतल्या एका झिजलेल्या चपलेचा पट्टा निळ्या वायरनं बांधलेला होता.

मी घंटीकडे हात नेला. अप्पांनी तो हळूच खाली घेतला. "पोचलेत," म्हणाले. "बाळ झोपलं असेल. चल." आणि दार उघडायच्या आत मागे वळले, जसे माझ्या सगळ्या लहानपणभर वळत आले होते. या वेळी मी पाय आपटले नाहीत. त्यांच्या मागून चालताना माझ्या मनात एवढंच होतं, की हा माणूस मला वडील म्हणून मिळाला. आजवर ज्यांना ज्यांना त्यांनी कुठं कुठं पोचवलं असेल त्यांनी कुणी त्यांचे आभार मानले नसतील, कारण अप्पा कधी थांबलेच नाहीत. वाटेत त्यांनी कॉफी पावडर घेतली. रविवारची राहिली होती.

घराशी आलो तर फाटकात अभिअण्णा उभा, बँकेतून नुकताच आलेला, हेल्मेट अजून हातात, चेहरा पांढरा पडलेला. अप्पांना बघून त्याचा श्वास सुटला आणि तो माझ्याकडे वळला. "कुठं गेले होते? सापडले कुठं? कोणी आणलं?"

अप्पा कडी उचलता उचलता थबकले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"थांब अण्णा, आधी ऐक," मी म्हटलं. "मला अप्पांनी आणलं."